फुलचंदशेठ आणि उरलेला बोल्ट

फुलचंदशेठकडं मी फटफटीचं काम घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला बोल्ट दिला नाही. बोल्ट दुकानात होता. मला समोर दिसत होता.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"लावायला."

"कशाला लावायला?"

"शेठ, तुमाला विकायचाय का माझी चौकशी करायचीय?"

"काम सांगा, माप मी सांगतो," असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचे खिळे मोजायला लागले.

खिळे ते मारवाडीत मोजायचे, तोंडातल्या तोंडात. बाकी सगळं बोलणं आमच्या ओतूरचं. त्यांचा आजा राजस्थानातून आला, तेव्हापासून दुकान इथंच. "आकडे तेवढे गावाकडचे ऱ्हायले," असं सांगायचे. ते गाव त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मुलानं रस्त्याच्या कडेला टाइल्स आणि पाइपांचं मोठं दुकान काढलं होतं, काचेचं दार वगैरे. शेठ मात्र मागच्या बोळातल्या जुन्या दुकानात बसायचे. तिथं तीन भिंतींना लाकडी खण होते. कुठल्याच खणावर काही लिहिलेलं नव्हतं. शेठ उठायचे, न बघता हात घालायचे, आणि हातात बरोबर तेच यायचं. धोतर, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटा पाना. दुसरे लोक पेन ठेवतात तसा.

मला काम सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी उलट बोललो. काम असं होतं.

माझी बायको हौसा जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिचं माहेर कळंब. लग्नानंतर लई वर्षं आम्ही तिथं फटफटीवरून जायचो. जुनी, दोन सायलेन्सरची, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं ती. मग एकदा ती बंद पडली. मी गोठ्यात लावली आणि वर कांद्याची बारदानं टाकली. हौसा म्हणायची, "एकदा चालू करा. कळंबला जाऊ." मी म्हणायचो, करू. बावीस वर्षं मी करू म्हणालो. कोणी आडवं आलं नव्हतं. नुसतं केलं नाही.

ती गेल्यावर मी ठरवलं की वर्षश्राद्धाचं आवतण कळंबला फटफटीवरून जाऊन द्यायचं. आता फोनवर सांगितलं तरी चालतं. मला चालणार नव्हतं.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "नाना, भंगारात द्या. नवी घेऊन देतो." मी म्हणालो, नवीला कळंबचा रस्ता माहीत नाही, आणि फोन ठेवला. ओतूरच्या मेस्त्रीनं फटफटी बघायलाही येणार नाही म्हणून सांगितलं. मग मीच उघडली. आयुष्यात सायकलचं पंक्चरसुद्धा मी दुसऱ्याकडून काढून घेतलेलं आहे.

हे सगळं शेठना सांगितलं. त्यांनी हातातले खिळे खाली ठेवले.

"तुमच्या घरातून एकदा साडेतीन इंची बिजागऱ्या न्हेल्या व्हत्या," ते म्हणाले. "न्हाणीच्या दाराला. दुसऱ्या दिवशी परत आणल्या. लहान पडल्या. माप मीच चुकलो व्हतो. त्या वहिनी का?"

"त्याच."

"हं," शेठ म्हणाले. त्यांनी खालच्या कोपऱ्यातला एक खण ओढला. जुन्या इंची मापाचे बोल्ट, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. "चाळीस वर्षं ह्या खणाला कोणी विचारलं न्हाई," म्हणाले. "उद्या दुपारच्या एस्टीनं तुमच्या वस्तीवर येतो. काही हलवू न्हका."

हौसा गेल्यावर आमच्याकडं पुष्कळ माणसं भेटायला येऊन गेली. काय काय बोलली, मला आठवत नाही. बिजागऱ्या आठवतात. शेठना गावातली माणसं चेहऱ्यावरून ओळखू यायची नाहीत. कोणी काय नेलं, केवढं नेलं, त्यावरून यायची. सरपंच समोरून गेला तरी ते विचारायचे, "हा पाऊण इंची नळवाला ना?"

दुसऱ्या दिवशी शेठ आले. मी तोवर सगळी फटफटी सुटी केलेली होती आणि सगळे नट, बोल्ट, वायसर एका घमेल्यात टाकले होते. कशाचं काय ते लिहिलेलं नाही, काही नाही. मला वाटलं काम लई पुढं गेलं.

शेठनी घमेल्यात बघितलं. धोतर सावरून खाली बसले.

"नाना, ही काय भेळ हाय का?"

"बसतील की आपापल्या जागी."

"बसतंय म्हंजे बसलं असं न्हाई," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढं मी ते शंभर वेळा ऐकलं.

बोल्ट वेगळे ठेवायला मी शेजारून अंड्यांचे ट्रे आणले. तीस-तीस खळगे, मला सोयीचे वाटले. शेठनी ट्रेकडं बघितलं आणि हात मागं घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ट्रे परत दिले. मग घरात शोधता शोधता मला माळ्यावर द्रोणांची गड्डी सापडली. हौसाच्या दहाव्याला आणले होते, त्यातले उरलेले. मी तसं सांगून टाकलं, कारण नंतर कळून त्यांना वाईट वाटायला नको.

"चांगल्या कामाचे हायेत," शेठ म्हणाले, आणि पहिला द्रोण पुढं ओढला.

पंधरा-वीस दिवस ते रोज दुपारच्या एस्टीनं यायचे आणि चारच्या एस्टीनं जायचे, कारण सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागायचं. एकेक बोल्ट तळहातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, अंगठ्यानं आटे चाचपायचे. मग म्हणायचे, "मागचं चाक." किंवा "इंजिनाची डावी बाजू." किंवा "हा तुमच्या फटफटीचा न्हाईच. हा कडबाकुट्टीचा." गोठ्यात द्रोणांच्या रांगा लागल्या. म्हैस तिकडं बघत रवंथ करायची. एक द्रोण शेठनी वेगळा ठेवला होता. ज्याचं काही कळेना ते त्यात.

शेठ कधी कोणाला वाईट म्हणत नसत. एखादी गोष्ट पसंत नसली की "चालेल" म्हणायचे. त्यांनी चालेल म्हटलं की समजायचं, चालणार नाही. पसंत पडली तर "ठीक". ठीकच्या वर त्यांच्याकडं शब्द नव्हता, आणि तोही मी फारसा ऐकला नाही.

मी सांगाड्याला रंग दिला तेव्हा ते दोन दिवस आले नव्हते. घरात गेटचा काळा रंग उरला होता. मी ब्रशनं चांगला जाड दोन हात दिला, एक कोपरा सोडला नाही. शेठनी येऊन बघितलं.

"चालेल," म्हणाले.

मला तो शब्द तेव्हा कळला होता, पण रंग वाळला होता.

पावसाळ्यात सायलेन्सर बसवायला घेतले तर एकाचं तोंड मातीनं बुजलेलं. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. मी तार घेतली. शेठनी माझं मनगट धरलं. ते कधी कोणाच्या अंगाला हात लावायचे नाहीत, म्हणून मी थांबलो.

"आत पोरं हायेत."

"शेठ, माशीची."

"मग कोणाची असनार?"

मी म्हणालो, "ती आत काय भरून ठेवते माहितीय का? जित्या अळ्या. पोरांना खायला. तिला अहिंसा कोणी शिकवायची?"

शेठनी हे मनावर घेतलं. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "तिच्या दुकानात आपन बसायचं न्हाई."

तीन आठवडे सायलेन्सर तसाच पडून राहिला. मला घाई होती, वर्षश्राद्धाचा कार्तिक जवळ येत होता. शेठ रोज एस्टीनं यायचे, सायलेन्सरचं तोंड बघायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. वस्तीवरची माणसं विचारायला लागली की शेठची प्रकृती बरी आहे ना. एक दिवस मातीला बारीक भोकं पडलेली दिसली. शेठनी सायलेन्सर कानाशी धरला, हलवला, पुन्हा धरला. "गेली," म्हणाले, आणि तार स्वतःच्या हातानं घातली.

त्याच सुमाराला त्यांचं पर्युषण झालं. ते संपल्यावर त्यांच्यात सगळ्यांची क्षमा मागतात. शेठ गोठ्यात आले आणि मला हात जोडले. "वर्सभरात काई कमी-जास्त झालं असेल तर क्षमा करा." मग म्हशीला हात जोडले. तिनं मान फिरवली.

मी म्हणालो, "तुमच्याकडून काय कमी-जास्त व्हनार, शेठ?"

"बिजागऱ्या," ते म्हणाले. "वहिनींना दोनदा यावं लागलं, उन्हाचं. त्यांच्याकडं मागायची ऱ्हायली."

बिजागऱ्यांचे दोन हेलपाटे त्यांना इतके लागले होते. माझी बावीस वर्षं होती. आणि ऐकणारं माणूस नव्हतं.

दसऱ्याला फटफटी उभी राहिली. कागदपत्रांचं विचारू नका. पेट्रोल आणलं, ऑइल आणलं, आणि मग कळेना, एका लिटरला ऑइल किती घालायचं. शेठना नट-बोल्ट कळत होते, इंजिन कळत नव्हतं. मला दोन्ही कळत नव्हतं.

"पहिलं कोण घालायचं?" शेठनी विचारलं.

"हौसा. मला उशीर झालेला असायचा, ती घालून ठेवायची."

"कशानं मोजायच्या?"

तेव्हा मला आठवलं. मी गोठ्यातल्या मेढीवरचा खिळा बघितला. पळी होती. जुनी, काळी पडलेली, स्वयंपाकघरातून बाद करून तिनं तिथं टांगलेली. बावीस वर्षं मी त्या खिळ्याला दावी अडकवत होतो आणि पळी मला दिसली नव्हती. लिटरला दोन पळ्या. मोजताना ती मोठ्यानं म्हणायची, "एक, दोन, पुरे." माप तिथंच होतं.

शेठनी पळी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितली. धुतली नाही. "ठीक," म्हणाले. सहा महिन्यांत तो पहिला ठीक होता, आणि तो हौसाला गेला.

किक मारली. वीस मारल्या. एकविसाव्या किकला फटफटी एकदम सुरू झाली. सायलेन्सरमधून काळं कायतरी उडून शेठच्या धोतरावर गेलं. गोठा धुरानं भरला. तोच आवाज. मी गियर टाकला, क्लच सोडला, आणि फटफटी मागं गेली.

मी चुकीचं लिहिलेलं नाही. मागं गेली. चार हात मागं जाऊन मी गव्हाणीत बसलो. म्हैस उभी राहिली.

फटफटी बंद पडल्यावर शेठ जवळ आले. मला उठवायच्या आधी त्यांनी मागचं चाक बघितलं.

"गेली ना?" म्हणाले. "दिशा नंतर बघू."

नंतर कळलं की इंजिनच उलटं फिरत होतं. प्लगला ठिणगी जिथून मिळते तिथली चकती मी भलत्याच खुणेवर बसवली होती, आणि असल्या जुन्या इंजिनाला सुलटं काय, उलटं काय, दोन्ही सारखंच. हे शेठनी शोधलं. त्यांनी आधी कधी इंजिन बघितलेलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वस्तू उलटी फिरतेय म्हणजे कुठंतरी उलटं बसलंय. आठ दिवस ते एकेक झाकण काढून बघत राहिले. दिवाळीच्या आदल्या दिवशी फटफटी पुढं गेली. मी वस्तीला एक चक्कर मारून आलो. शेठ अंगणात उभे होते.

"बसा," मी म्हणालो. "तुमाला एष्टी-स्टँडला सोडतो."

"आपन न्हाई बसत."

शेठ सत्तर वर्षांत कधी दुचाकीवर बसलेले नव्हते. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं, दुकानदाराचे पाय जमिनीवर पाहिजेत. हे खरं कारण होतं का भीती, ते मी विचारलं नाही.

आता फक्त एक गोष्ट राहिली होती. शेवटच्या द्रोणात एक बोल्ट उरला होता.

"फटफटीचाच हाय," शेठ म्हणाले. त्यांनी डोळे मिटून दहा वेळा बघितलं होतं. "कडबाकुट्टीचा न्हाई, पंपाचा न्हाई. हिचाच."

"चालतेय ना? मग उरू द्या एक."

"एक उरला म्हंजे एक जागा रिकामी हाय." त्यांनी चार दिवस गुडघ्यावर बसून सगळी फटफटी तपासली. रिकामी जागा सापडली नाही. वर्षश्राद्धाला नऊ दिवस उरले होते. मी म्हणालो, "शेठ, मी उद्या सकाळी निघनार." शेठ म्हणाले, "न्हाई." मी म्हणालो, "तुमच्या परवानगीनं आनली न्हाई मी ती." असं बोलायला नको होतं. ते चारच्या एस्टीनं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओतूरच्या स्टँडवरून निघालो तर शेठ रस्त्याच्या कडेला उभे. धुतलेलं धोतर, खिशात पाना, हातात तो बोल्ट.

"मी येतो," म्हणाले.

"तुमी? मागं?"

"वाटंत काई निघालं तर जागा तरी कळंल."

धोतरामुळं त्यांना दोन्हीकडं पाय टाकून बसता येईना. मग एका अंगाला बसले, बायकामाणसं बसतात तसे, दोन्ही पाय डावीकडं. स्टँडवरची माणसं बघत होती. शेठनी डोळे मिटले आणि माझा खांदा पक्कडीसारखा धरला.

आळेफाट्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नारायणगावात एकदा विचारलं, "आलं का?" पुढं कांद्याचे ट्रक घासून जायला लागले तसा खांदा जास्तच दुखायला लागला. कळंबच्या अलीकडं एकाएकी पकड सुटली आणि पाठीवर थापा पडायला लागल्या.

"थांबा! नाना, थांबा! थांबा म्हनतो ना!"

मला वाटलं पडले. मी कडेला घेतली. शेठ खाली उतरले होते आणि रस्त्यावरच उकिडवे बसले होते. मागच्या सीटचं डावं पायदान हातानं हलवत होते.

"ह्ये डुगडुगतंय. पाय ठेवल्यावर कळलं." त्यांनी पान्याच्या टोकानं रंग खरवडला. गेटचा जाड काळा रंग. त्याखाली एक भोक होतं, रंगानं पार बुजलेलं. दोन बोल्टांचं पायदान एकाच बोल्टावर होतं. आम्ही मागं कोणाला बसवलंच नव्हतं, तर कळणार कसं?

"वहिनी कुठल्या अंगाला बसायच्या?"

"ह्याच."

"मग ह्यो त्यांचा," शेठ म्हणाले. बोल्ट घातला. आटे फिरले, शेवटपर्यंत गेला. खिशातल्या पान्यानं आवळला. ट्रक जात होते, धोतर उडत होतं, आणि शेठ त्या पायदानावर हातानं जोर देऊन बघत होते. पुन्हा बघितलं. मी तोंड दुसरीकडं फिरवून उभा राहिलो. रस्त्यावर धूळ लई होती.

हौसाच्या माहेरी फटफटीचा आवाज ऐकून मेव्हणा जेवणावरून उठून बाहेर आला. त्यानं आधी मागच्या सीटकडं बघितलं. तिथं शेठ होते. मेव्हण्यानं खरकटा हात मागं घेतला आणि म्हणाला, "या, पावणं." मी आवतण दिलं.

शेठनी पाणी घेतलं आणि उठले. "मी एष्टीनं जातो."

"का? आलात की नीट."

"माझं काम झालं," म्हणाले. "ती जागा माझी न्हाई, नाना. रिकामी न्ह्या." आणि चालत हायवेकडं गेले.

त्याच आठवड्यात मुलानं त्यांना छातीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेलं. तारीख आधीच ठरलेली होती. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन नीट झालं, पण ते तिकडंच राहिले आणि उन्हाळ्यात गेले. जुनं दुकान आता बंद आहे. मी एकदा त्यांच्या मुलाकडं तो खालचा खण मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "कशाला पायजे?" मला बरं वाटलं.

म्हणजे मी शेठना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी. मी मेव्हण्याकडं चहा घेऊन निघालो, नारायणगावच्या दिशेनं, तिसाच्या वेगानं. एस्टी नेहमीप्रमाणं उशिरा आली होती. मागून हॉर्न वाजवत आली आणि मला ओलांडायला लागली. शेठ खिडकीत होते. मी हात केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ते खाली बघत होते, पलीकडच्या अंगाला, डाव्या पायदानाकडं. एस्टी पुढं जाईपर्यंत बघत राहिले. मग मान आत घेतली आणि काहीतरी म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण ओठ एकदाच हलले. चालेल म्हणायला दोनदा हलवावे लागतात.